पूजेची फ्लॉपी

ताई,

तुम्ही आमच्या नरोलीच्या खोलीत पहिल्यांदा आलात तेव्हा तिला खिडकी होती, पंखा होता आणि भिंतींना निळा रंग होता. त्याच्या आधीची खोली तुम्ही पाहिली नाहीत आणि मीही कधी सांगितली नाही. तुमच्याशी मी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडले, पण हे बोलायचं राहिलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

शहाद्याकडून आम्ही सिल्वासाला आलो तेव्हा मी पाचवीत होते. एका खोलीत दोन कुटुंबं, मधे आईचं जुनं लुगडं बांधलेलं. माझा बा आणि पलीकडचे काका एकाच कारखान्यात, पण उलट्या पाळीला. एक उठला की दुसरा त्याच गोधडीवर आडवा व्हायचा. गोधडीला गार व्हायला वेळच मिळत नसे. आई मसाटच्या त्याच कारखान्यात पॅकिंगमध्ये होती. पॉलिएस्टरचा धागा दिसायला रेशमासारखा, पण ओढला की बोटं चिरतो. आईच्या बोटांना कायम चिंध्या. भाकरी थापायच्या आधी त्या सोडायच्या, नंतर पुन्हा बांधायच्या. एका वर्षी घरमालकाकडे पाहुणे यायचे होते म्हणून त्यानं आम्हाला खोली रिकामी करायला सांगितली. आई म्हणाली, "पोरंसोरं घिसन कोठे जाऊत?" तो म्हणाला, "खोली दिलीय तुम्हाला, घर नाही दिलं." आमचा संसार हातगाडीवर चढला आणि दोन गल्ल्या पलीकडे उतरला. घरमालकाचं ते वाक्य मी विसरले नाही. पुढे तुमच्याशी तावातावानं बोलले ते याच वाक्यामुळे, पण तुम्हाला कारण ठाऊक नव्हतं.

आणखी एक. तुम्ही नेहमी म्हणायचात, "अगो, हळू बोल, मी बहिरी नाय." ताई, बा दिवसभर धाग्याच्या मशीनांमध्ये उभा असायचा. भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या चढवायच्या, हे डॉफरचं काम. तिथल्या आवाजानं त्याचे कान गेले. आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे. म्हणून माझा आवाज असा. तुम्हाला मी म्हणाले होते की खानदेशी लोक असेच बोलतात. ते खरं कारण नव्हतं.

वापीला बसनं जाऊन-येऊन मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात, आमच्या भाऊबंदकीत, आमच्या त्या चाळीत पहिली. निकाल कळला त्या दिवशी बा पाळीवर होता. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही, तर त्यानं डोक्यावर हातानं चौकोनी टोपी काढून दाखवली आणि नंतर माझ्या उंचीएवढा हात धरला. अख्ख्या लाइनीला कळलं. त्यानंतर तो शेठच्या केबिनबाहेर उभा राहिला. बा कधी कुणाच्या केबिनबाहेर उभा राहिलेला नाही. शेठनं मला कम्प्युटरच्या खोलीत तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "टायपिंग येतं?"

"नाही. शिकेन."

"इंग्रजी?"

"वाचते. बोलताना अडते."

"मग बरं. या मशीनशी बोलायचं नसतंच. लिहायचंच असतं."

एवढीच मुलाखत. मला वाटलं होतं मालवणकडची, मुंबईत नोकरी केलेली, सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी बाई नाक मुरडेल. तुमचे यजमान इथल्या प्रशासनात, तुम्ही साहेबाच्या बायको, आणि मी डॉफरची पोर. तुम्ही डबा उघडलात, त्यात कुळथाची पिठी होती, आणि म्हणालात, "खातेस? बरी लागते. फक्त की-बोर्डवर नको सांडू."

आपली ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. चपला बाहेर. दाराच्या फटीला ओलं फडकं, कारण कारखान्यात धाग्याची बारीक लव उडायची आणि मशीनला तिचं वावडं. टेबलाखाली युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं मशीन, वर दोन टर्मिनलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. शेठची केबिन सोडली तर कारखान्यात एसी फक्त तिथंच, त्यामुळे मेंटेनन्सवाल्यांना रोज काहीतरी तपासायला यावंसं वाटायचं.

मशीनसोबत आलेलं सॉफ्टवेअर तेवढं त्याचं स्वतःचं. आपल्याला ज्याची गरज होती ते सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याच कंपनीचं, मुंबईच्या डीलरकडून मागवलेलं. गरज लॉटची होती, म्हणजे एका खेपेला निघालेल्या धाग्याचा हिशोब ठेवायची. एका लॉटचा धागा चुकून दुसऱ्यात गेला की विणताना काही कळत नाही, कापड रंगवलं की पट्टा उठतो. सुरतेहून माल परत यायला लागला होता. शेठ आपल्या खोलीत आले, खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "मंगलबेन, नवुं वरस से पहले हरएक पेटी पर कम्प्युटर की चिठ्ठी चाहिये. दिवाळी तक. नहीं तो ये काम वापी की पार्टी को दे देता हूं, ये रूम बंद. और ये लडकी को पॅकिंग में भेज दूंगा."

पॅकिंगमध्ये. आईच्या शेजारी. बी.कॉम. होऊन चिंध्या बांधायला. वर शहाद्याहून एक स्थळ आलं होतं आणि मामा रोज विचारत होता की पोरीची नोकरी पक्की आहे की नाही. पक्की असती तर बा स्थळाला थांब म्हणू शकत होता. नसती तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डीलरचा वापीचा इंजिनियर फ्लॉप्यांचा खोका घेऊन आला. मोठ्या, चौकोनी, काळ्या फ्लॉप्या, कागदी पाकिटात. तो म्हणाला, "मॅडम, रूटनं लॉगिन करा, एकामागून एक घाला, सगळं आपोआप बसतं. अर्ध्या तासाचं काम." रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला कुठलंही दार उघडं. तुम्ही त्याला चहा दिलात, गोड हसलात, आणि तो फाटकाबाहेर गेल्यावर म्हणालात, "अर्ध्या तासात बसेल नि अर्ध्या तासात बसवेल."

मग तुम्ही मला तुमची पद्धत शिकवलीत. बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर रूटच्या हातानं कधी बसवायचं नाही. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन, वेगळी डिरेक्टरी. त्यानं त्याच्या खोलीत राहावं, त्याच्या फाइली तिथंच ठेवाव्यात, मशीनच्या स्वयंपाकघरात जाऊ नये. आणि फ्लॉपी घातली की लगेच सोडायची नाही. टार नावाची गाठोडं बांधायची-सोडायची आज्ञा असते. तिनं आधी आत काय काय आहे याची नुसती यादी मागायची, ती वाचायची, कुठली फाइल कुठे जाऊन बसणार आहे ते बघायचं, आणि मगच गाठ सोडायची. त्या लॉगिनला तुम्ही नाव दिलंत: पाहुणा.

मी विचारलं, "ताई, एवढा संशय?"

"संशय कसला? सोय. उद्या काढायचं झालं तर खोली झाडली की झालं. घर मोडत नाही."

"उद्या काढायचं झालं तर! आल्याच्या दिवशीच काढायचा विचार?"

"अगो, सॉफ्टवेअर आहे ते."

"आमचा घरमालक पण असंच बोलतो."

मी नरोलीची हातगाडी सांगितली नाही आणि तुम्ही विचारली नाही. म्हणालात, "बरं, मग तू सांग, काय करू? त्याला घराची किल्ली देऊ? तो कोण, कुठला, काय घेऊन आलाय, न बघता?" मी म्हणाले, "बघा की. बघायला कोण नको म्हणतंय? पण पाहुणा किती दिवस पाहुणा? कधीतरी घरचा होतो की नाही?" तुम्ही म्हणालात, "आधी येऊ तर दे त्याला." हे भांडण आपण पुढे कितीतरी वर्षं भांडलो. संपलं नाही.

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा. बॉबिनच्या गाड्यांना झेंडूच्या माळा, बॉयलरला नारळ, वजनकाट्याला हळदकुंकू. आपल्या खोलीतली हत्यारं म्हणजे फ्लॉप्या. आदल्या दिवशी जाताना तुम्हीच म्हणालात, "टेबलावर मांडून ठेव ग, बरं दिसतं. पूजा मी आले की करू." मी मांडल्या. पाकिटातच होत्या.

सकाळी मी फाटकाशी फुलं घेत होते. तोवर बा आत गेला होता. अंगावर धुतलेले पांढरे कपडे, हातात तांब्याचं ताट. वॉचमनला म्हणाला, "मन्ही पोरनं खातं शे," आणि वॉचमननं दार उघडलं. मी पोचले तेव्हा बा टेबलासमोर हात जोडून उभा होता. त्यानं प्रत्येक फ्लॉपी पाकिटातून काढली होती. प्रत्येकीवर पाण्यात कालवलेलं कुंकू, मधोमध, अंगठ्यानं. आणि त्या फ्लॉपीला एक लांबट भोक असतं, जिथून आतली काळी तबकडी उघडी दिसते, जिथं मशीन तिला वाचतं, नेमकं तिथं.

"बा! पाकिटातून कसाले काढ्यात?"

"देवले काय कपडावरतून कुंकू लावतस का?" बा म्हणाला. "ते मधलं उघडं दिसनं, म्हटलं कपाळ व्हई."

तो खूश होता, ताई. आयुष्यात पहिल्यांदा तो एसीच्या खोलीत उभा होता आणि ती त्याच्या पोरीची होती. त्यानं टर्मिनलकडे बोट करून विचारलं, "हाई मशीन तुन्हं आयकस का?" मी म्हणाले, "आयकस." मग त्यानं पडद्यालाही एक टिळा लावला.

तुम्ही आलात. दारातच चपला काढता काढता तुम्हाला सगळं दिसलं. मला वाटलं, आता. तुम्ही बाच्या पाया पडलात. "तुम्ही घरातले मोठे, पूजा तुमच्याच हातनं व्हायची होती," म्हणालात, आणि त्याच्या ताटातला गूळ-खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकलात. तो पाळीवर निघून गेल्यावर तुम्ही खुर्चीत बसलात आणि एवढंच म्हणालात, "अगो बाय माझे."

आपण एक फ्लॉपी पुसून घालून बघितली. मशीननं खर्र-खर्र असा आवाज काढला आणि वाचायला नकार दिला. डीलरला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला दुसरा संच येईल, पण दिवाळीनंतर. मी म्हणाले, "ताई, शेठना सांगू की आल्या तेव्हाच खराब होत्या. डीलरच्या माथी. कोण बघायला गेलंय?"

"नाही."

"माझ्या बाची नोकरी आहे इथं. सगळा कारखाना हसेल त्याला."

"हसू दे. खोटं बोललो तर पुढच्या वेळी मशीननं काही चूक केली की शेठ म्हणतील, या दोघी सांगतात ते खरं कशावरून? आपल्याकडे दुसरं काय आहे ग? चिठ्ठीवर जे छापू ते खरं असतं, एवढंच तर आपण विकतो."

तुम्ही एकट्या गेलात शेठकडे. मी बाहेर उभी राहून ऐकलं. तुम्ही बाचं नाव घेतलं नाहीत. म्हणालात, "शेठ, पूजेत फ्लॉप्यांना कुंकू लागलं. मांडायला मी सांगितलं होतं. जबाबदारी माझी." शेठ मग म्हणाले, "कंकु? फ्लॉपी पर?" मग हसले असावेत, कारण खुर्ची करकरली. "मंगलबेन, हसवानी वात नथी. दिवाळी एटले दिवाळी." तारीख हलली नाही.

माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे की तुम्ही थोडं मऊ करून सांगू शकला असतात. तुमचं म्हणणं होतं की मऊ केलेलं खरं दुसऱ्या दिवशी नासतं. यावरही आपलं एकमत झालं नाही. पण बाचं नाव न घेतल्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. ते आज मानते.

मग तुम्ही ब्लेड मागवलंत. मला वाटलं तुम्हाला वेड लागलं. तुम्ही फ्लॉपीच्या काळ्या चौकोनी खोळीची एक कड सरळ चिरलीत आणि आतून तबकडी बाहेर काढलीत. पातळ, तपकिरी, कॅसेटच्या टेपसारखी. मुंबईला एकदा कुणाच्या फ्लॉपीवर चहा सांडला होता, तेव्हा हे केलं होतं म्हणालात. मेंटेनन्सकडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. स्टीलच्या थाळीत थेंबभर साबण. तुम्ही तबकडीची कड धरायची, मी बोटाच्या पेरानं हलकेच पाणी फिरवायचं. कुंकू पाण्यात उतरायला लागलं, थाळी गुलाबी झाली. कपड्यानं पुसायचं नाही, लव चिकटेल. मधल्या भोकात पेन्सिल ओवून दोन खुर्च्यांच्या पाठींवर त्या वाळत घातल्या. मेंटेनन्सवाला एसी तपासायला आला आणि दारातच थबकला. "मॅडम, पापड?" तुम्ही म्हणालात, "हो. उडदाचे. बाहेर हो, लव येईल."

वाळलेली तबकडी कोऱ्या फ्लॉपीच्या रिकाम्या केलेल्या खोळीत सरकवायची, मशीनमध्ये घालायची, आणि वाचली की तत्क्षणी दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करायची, कारण ती दुसऱ्यांदा वाचेल याचा भरवसा नाही. पहिली वाचली. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. दुसरी वाचली. मी ओरडले आणि तुम्ही म्हणालात, "अगो, हळू." एक मात्र काही केल्या वाचेना. तिची तबकडी कुंकवानं खाल्ली होती.

इथं तुमची यादी मागायची सवय कामी आली. प्रत्येक फ्लॉपी हे स्वतंत्र गाठोडं होतं. पहिल्या फ्लॉपीवरच्या माहितीवरून कुठल्या गाठोड्यात काय आहे ते कळत होतं. तुम्ही पडद्यावर बोट फिरवत एकेक ओळ वाचलीत आणि हसायला लागलात. जी गेली तिच्यात फक्त मदतीची पानं होती. आज्ञा विसरली तर मशीन सांगतं ना, कशी लिहायची ते, तेवढंच.

"म्हणजे चालेल?"

"चालेल. विचारायला कोणी नाही, एवढंच."

आपण पाहुण्याच्या लॉगिननं आत शिरलो. यादी, मग सोडणं. यादी, मग सोडणं. एका गाठोड्यातली एक फाइल थेट मशीनच्या मुख्य फाइलींच्या जागी जाऊन बसू बघत होती. रूटनं आपोआप बसवलं असतं तर तिनं मशीनची स्वतःची फाइल पुसली असती आणि सकाळी कुणालाच लॉगिन करता आलं नसतं. पाहुण्याला तिथं लिहायची परवानगीच नव्हती, म्हणून ती अडली. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण मान जरा ताठ झाली होती. मी म्हणाले, "बरं, बरं." त्या फाइलीला आपण तिच्या खोलीतच जागा करून दिली आणि ती मुकाट्यानं तिथं राहिली. पहिल्यांदा चालवून बघितलं तर पडद्यावर नुसता कचरा. टर्मिनलचं नाव चुकीचं दिलं होतं. ते तुम्हाला सापडलं नाही, मला सापडलं. हे तुम्ही नंतर सगळ्यांना सांगत फिरलात, शेठच्या ड्रायव्हरलासुद्धा.

धनत्रयोदशीला प्रिंटरमधून पहिली चिठ्ठी निघाली. लॉट, मशीन, पाळी. तुम्ही ती फाडून मला दिलीत आणि म्हणालात, "जा, तूच लाव." मी खाली गेले. बाच्या लाइनीवरची पेटी होती. बानं चिठ्ठी उलटीसुलटी बघितली, त्याला वाचता येत नव्हतं, मग ती त्यानं स्वतः पेटीवर चिकटवली आणि तळहातानं दाबून धरली. जरा जास्तच वेळ.

नवीन वर्षाच्या मुहूर्ताला शेठनं मला कायम केलं. मामाला बानं उत्तर दिलं. शहाद्याचं स्थळ दुसरीकडे गेलं आणि तिथं सुखी आहे असं ऐकते.

बाला काही कळलं नाही असं आपण धरून चाललो होतो. पण कारखान्यात गोष्टी कळतात. पुढच्या दसऱ्याला तो ताट घेऊन दाराबाहेरच थांबला, आत येईना. तुम्ही कपाट उघडलंत, एक कोरी फ्लॉपी काढलीत, पाकिटातून बाहेर काढून टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "दादा, ही पूजेची. हिच्यावर काही नाही. हिला लावा, हवं तिथं लावा." बा आत आला. त्यानं लावलं, त्याच जागी, मधोमध. तेव्हापासून आपल्या खात्यात हा नियमच झाला: बाकी सगळ्या फ्लॉप्या कपाटात कुलपाखाली आणि एक बाहेर, कुंकवासाठी. वर्षावर वर्षाचं कुंकू बसून ती लाल झाली. मोठ्या फ्लॉप्या गेल्या, छोट्या आल्या, सीडी आल्या. पूजेची तीच राहिली.

आणि मला काही अडलं की तुमचं ठरलेलं उत्तर: "मदतीची पानं कुंकवात गेली, आता डोकं वापर." मी चिडायचे. मग डोकं वापरायचे. मग यायचंच.

तुमच्या यजमानांची निवृत्ती झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं तुम्ही जाणार. गावाला घर होतं, दरवर्षी कौलं शाकारायला माणूस लावायचात. दरवर्षी म्हणायचात, "पुढच्या वर्षी जाऊ." मी एकदा विचारलं होतं, "ताई, इतकी वर्षं झाली. तुम्ही इथं पाहुण्या की घरच्या?" तुम्ही म्हणालात, "लॉगिन कुठलं ते सांग, मग सांगते," आणि विषय बदललात. मला खरं उत्तर हवं होतं. पुन्हा विचारेन म्हणत राहिले.

मग ती सकाळ आली आणि दमणगंगेच्या काठावर तुम्हाला पोचवायला मी उभी होते. मालवणहून तुमची माणसं यायला वेळ होता, तर खांदा द्यायला कारखान्यातलीच माणसं होती: डॉफर, मेंटेनन्सवाले, तो पापडवाला. बा काठी टेकत आला होता. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळालं असं मला वाटलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगो, निष्कर्षावर उडी नको मारू, आधी यादी बघ." मी यादी बघितली, ताई. तिथं कोण कोण होतं ते सगळं बघितलं. मग म्हणते आहे.

तुम्ही जाण्याआधी शेठनं जुनं मशीन बदलायचं ठरवलं होतं. नव्यासाठी आपण दोघींनी मिळून ठरवलं होतं की या खेपेला फुकटात मिळणारं लिनक्स टाकायचं. मासिकाबरोबरच्या सीडीवर येतं ते, युनिक्सचंच भावंड. त्याच्यावर डेटाबेस, म्हणजे लॉटच्या नोंदींचं कपाट, वेगळा, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, तोही बाहेरूनच आणून बसवायचा. तुम्ही म्हणाला होतात, "हे मी बघते, तू नुसती बाजूला बस." तेराव्यानंतर मशीन आलं. खोका तसाच ठेवून मी आठवडाभर त्याच्या बाजूला नुसती बसले. तुमच्या खुर्चीवर नाही, माझ्याच. शेवटी शेठ आले, आता त्यांचे केस पांढरे झालेत, आणि या वेळी ते बसले. म्हणाले, "सुनंदाबेन, वापी से कोई को बुलाऊं?"

मी म्हणाले, "नको. मी आहे."

दोन ठिकाणी अडलं. एकदा त्याला हवी असलेली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, सीडीवर नव्हती, दुसऱ्या सीडीवर शोधावी लागली. एकदा कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवताना, मधेच थांबलं आणि मी सवयीनं मान वळवून "ताई" म्हणाले. मदतीची पानं या वेळी होती, भरपूर होती. विचारायला कोणी नव्हतं. मी डोकं वापरलं. यादी मागितली, वाचली, मग सोडलं. रूटनं बसवलं नाही. वेगळं लॉगिन काढलं, वेगळी डिरेक्टरी दिली, तुम्ही शिकवलंत तस्सं. तुमचं बरोबर होतं, खोली वेगळीच हवी. पण लॉगिनचं नाव मी 'पाहुणा' ठेवलं नाही. 'मंगल' ठेवलं. या एका गोष्टीवर तुम्हाला भांडायचं असेल तर भांडा.

पूजेची फ्लॉपी नव्या मशीनच्या बाजूला ठेवली आहे. या मशीनला ती घालायला जागाच नाही, पण ती घालण्यासाठी कधी नव्हतीच.

आज सकाळी पहिल्या पाळीला नव्या मशीनवरून चिठ्ठ्या छापल्या आणि प्रत्येक पेटीवर लागल्या. सगळं मी बसवलं, एकटीनं, आणि ते चाललं.

तुमची,
सुनंदा